असल उत्तरचा पॅटन, उसाचं शेत आणि माझ्या वावरातली काळी माती (डायोरामासाठी मदत पाहिजे)

धुऱ्यावरचा | १८ सप्टेंबर

मंडळी, नमस्कार. पोळा झाला, फवारणीची एक पाळी आटोपली, आता जरा सवड आहे म्हणून धागा काढतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतो. कापूस, तूर, सोयाबीन आणि सोबत लहानसं कृषी केंद्र. रात्री जेवणं झाली की दुकानामागच्या खोलीत प्लास्टिकचे रणगाडे जोडत बसतो. घरात याला 'बाबाचा तान्हा पोळा' म्हणतात (तान्हा पोळा म्हणजे पोरांचा, लाकडी नंदीचा पोळा). आजवर सुटे रणगाडे केले, चार-पाच विमानं केली. डिसेंबरात पुण्यात स्केल मॉडेलची स्पर्धा आहे, तिथं पहिल्यांदा डायोरामा गटात नाव दिलंय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रणगाडा जिथं उभा आहे ती जमीन, पीक, माणसं, सगळं एकाच मापात करायचं. गणपतीचा देखावाच म्हणा, फक्त पडदा आणि लायटिंग नाही.

विषय घेतला असल उत्तर, सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणजवळ आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजननं घोड्याच्या नालेसारखा मोर्चा बांधला, पाटाचं पाणी शेतात सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसात, चिखलात अडकले. माझ्या चित्रात एका कोपऱ्यात उसाआड जीप, तिच्यावर १०६ मिमीची रिकॉइललेस तोफ आणि हवालदार अब्दुल हमीद. समोर रुतलेला पॅटन. माप १/३५. फळी ६० बाय ४५ सेंमी, आमच्या गावच्या सुतारानं सागाची करून दिली (तो लाकडी नंदी करतो, त्याला वाटलं यंदा मी नंदी सोडून रणगाडा पळवणार).

अडचण अशी. माती घरची म्हणून वावरातली काळी घेतली, फेविकॉलमध्ये कालवून थापली. चौथ्या दिवशी पाहतो तर नख जाईल एवढ्या भेगा, आणि कडेनं पापुद्रा सुटून वर आलेला. असल उत्तर कमी आणि आमचा मे महिना जास्त. दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी दाखवायला वापरतात त्या पारदर्शक रेझिनचा भाव पाहिला आणि मोबाइल उलटा ठेवला. काय करता येईल?

तर्री_पोहे | १८ सप्टेंबर

रणगाडा फवारणी पंपानं रंगवला का भाऊ? पाठीवर वीस लिटरचा आणि नोझल पॅटनकडे.

धुऱ्यावरचा | १८ सप्टेंबर

हसा. एअरब्रशचा कॉम्प्रेसर आणला तेव्हा गावात बातमी होती की यानं पंक्चरचं दुकान टाकलं. दोघं जण सायकल घेऊन आले.

सूक्ष्मदर्शी | १९ सप्टेंबर

सविस्तर लिहितो, कारण यातल्या बहुतेक चुका मी केल्या आहेत.

काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातल्या चिकणमातीचा तो स्वभावच आहे, फेविकॉल तिला धरून ठेवू शकत नाही. मातीचं प्रमाण कमी करा. एक भाग माती, एक भाग बारीक चाळलेला लाकडाचा भुसा, भिजवलेल्या कागदाचा लगदा मूठभर, मग फेविकॉल. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच्या वर थर द्यायचा नाही. खाली थर्माकोल असेल तर आधी त्याला घरातला पांढरा डिस्टेंपर फासून खरखरीत करा.

पण खरी अडचण भेगांची नाहीच. तुमची माती काळी आहे! पंजाबची ती जमीन नद्यांच्या गाळाची, फिकट पिवळट तपकिरी. परीक्षकानं खेमकरणचं नाव वाचलं आणि खाली यवतमाळ दिसलं तर पहिल्याच मिनिटाला गेलात.

आता पॅटनचं. किट कोणतं आहे? बाजारात सहज मिळतं ते बहुतेक एम-४८ए३. तो नंतरचा, डिझेल इंजिन बसवलेला अवतार. ६५ साली पाकिस्तानकडे होते ते पेट्रोलवर चालणारे एम-४७ आणि एम-४८. पाठीमागच्या इंजिनावरचा भाग वेगळा दिसतो.

धुऱ्यावरचा | १९ सप्टेंबर

ए३ च आहे. मेलो.

सूक्ष्मदर्शी | १९ सप्टेंबर

मरू नका. मागचा भाग उसात घाला.

कऱ्हेकाठ | १९ सप्टेंबर

एवढी मेहनत घेताय तर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर का घेत नाही? तेच युद्ध, फिलोरा आणि चविंडा, सेंचुरियन रणगाडे, परमवीर चक्र. सेंचुरियन दिसायलाही देखणा. आणि तारापोर पुण्यात शिकलेले.

तर्री_पोहे | १९ सप्टेंबर

आला. धागा पुण्याला निघाला. कोणीतरी साखळी ओढा.

पैनगंगा | २० सप्टेंबर

मी उमरखेडकडची. आमच्याकडं ऊस आहे, दोन एकर माझ्या नावावर. तुमचा पहिला फोटो मोठा करून पाहिला. दादा, तो ऊस आहे का फडा (झाडू) उलटा रोवला आहे?

ऊस असा मुठीनं लावतात का? सरी कुठं आहे? दोन सऱ्यांत तीन फूट धरा, तुमच्या मापात किती होते ते तुम्ही काढा. बेटं जागोजागी, एकेका बेटात सहा-सात ऊस, मधून मधून एखादं बेट विरळ. खालच्या तीन-चार कांड्यांवर वाळलेलं पाचट लोंबलेलं असते, ते नसलं तर ऊस खोटाच दिसते. आणि पुढं जे पांढरे तुरे लावले ना, ते आधी काढा. सप्टेंबरात उसाला तुरा कुठून? तो दिवाळीच्या आगंमागं येते.

माझ्या सासऱ्यांनी फोटो पाहिला. ते म्हणे, रान कोणाचं आहे, खत कमी पडलं.

धुऱ्यावरचा | २० सप्टेंबर

ताई, दंडवत. तीन फूट म्हणजे ९० सेंमी, भागिले ३५, अडीच सेंमीच्या वर. मी अर्ध्या सेंमीवर लावले होते. तुरे आत्ताच उपटले. मी कापूसवाला, उसाचा आणि माझा संबंध रसवंतीपुरता.

सूक्ष्मदर्शी | २० सप्टेंबर

मी वीस वर्षं मॉडेलं करतोय. उसाला तुरा कधी येतो हे मला कोणी विचारलं असतं तर मी गूगल केलं असतं. पैनगंगा, तुम्ही परीक्षक म्हणून या.

पैनगंगा | २० सप्टेंबर

येईन की. गाडीभाडं द्या.

निवृत्त_१०६ | २२ सप्टेंबर

धागा पोरानं वाचून दाखवला, म्हणून लिहितो. टायपिंग त्याचं हाय.

मी वाशीम जिल्ह्यातला. पलटणीत बरीच वर्षं आरसीएल म्हंजे रिकॉइललेस तोफेवरच होतो, म्हून हे नाव घेतलं. ६५ साली मी पाळण्यात होतो, थे लढाई नाही पाह्यली. पण थे तोफ हाताखालून गेली. दोन-तीन गोष्टी सांगतो.

तोफ जवळपास जीपएवढीच लांब असते. जीप सव्वातीन-साडेतीन मीटरच्या आत, तोफ तीन मीटर चाळीस. म्हून समोरची काच मधातून दुभागलेली असते आन् नळी त्यातून पुढं जाते. तुमच्या फोटोत काच अखंड हाय. तोफ उडवाल तं काच जाईन.

दुसरं. या तोफेले धक्का नाही, कारण अर्धी आग मागून निघते. मागं माणूस उभा ठेवला हाय तुम्ही, दुर्बीण घेऊन. तो गेला बिचारा. मागं मोकळं पाह्यजे. आन् गोळा सुटला का मागं धुळीचा असा लोट उठते का दुश्मनाले पत्ताच भेटते. म्हून एक मारला का जीप हलवा लागते. हमीदसायबाची खरी कमाल थे व्हती. जागा बदलत राह्यले, १० तारखेले तिथंच गेले.

तिसरं सगळ्यात मोठं. तुमच्या फळीवर जीप आन् पॅटन एका हातावर उभे हायत. अशी लढाई नसते बाप्पा, थे पार्किंग झालं.

धुऱ्यावरचा | २२ सप्टेंबर

काका, हिशोब केला. अगदी जवळ म्हणजे शंभर मीटर धरलं तरी १/३५ मध्ये २८६ सेंमी. पावणेतीन मीटरच्या वर. माझी फळी ६० सेंमी, म्हणजे खऱ्या मापात २१ मीटर. पॅटनचा सांगाडाच सात मीटरच्या आसपास, एकतृतीयांश फळी त्यानंच खाल्ली.

दोन महिन्यांपासून हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

कऱ्हेकाठ | २२ सप्टेंबर

डायोरामात अंतर थोडं दाबावंच लागतं, सगळेच दाबतात. नाटकात नाही का, दोन पावलं चाललं की जंगल पार.

सूक्ष्मदर्शी | २३ सप्टेंबर

दाबतात, पण त्यालाही मर्यादा आहे. घर आणि रस्ता यातलं अंतर दाबलं तर चालतं. ज्या अंतरावर माणसाचा जीव अवलंबून होता तेच दाबलं तर गोष्टच गेली. माझं मत: एक निवडा. नुसती जीप ठेवा, तोफेचं तोंड फळीबाहेर. बघणारा जिथं उभा आहे तिथून पॅटन येतोय. किंवा नुसता पॅटन ठेवा, मग जीप कुठं आहे ते बघणाऱ्याला ठाऊक नाही. रणगाड्यातल्या माणसांनाही नव्हतं.

सायंतारा | २३ सप्टेंबर

राग मानू नका, पण मला हे सगळं थोडं विचित्र वाटतं. तिथं माणसं मेली आणि आपण उसाचं पाचट बरोबर आहे का बघतोय.

तर्री_पोहे | २३ सप्टेंबर

मग किल्ले करायचं पण बंद करा दिवाळीत.

सायंतारा | २३ सप्टेंबर

ते मावळे पाच रुपयाला मिळतात आणि सगळे हसत असतात. हे वेगळं आहे.

निवृत्त_१०६ | २४ सप्टेंबर

ताईचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. पोरा, मढं नको मांडू. आपलं नको, त्याहीचं नको. पॅटनची झाकणं उघडी ठेव, एखादं हेडफोनचं वायर बाहेर लोंबू दे. लय पॅटन तसेच सोडून देलेले सापडले व्हते. उघडं झाकण पाह्यलं का माणूस समजून जाते.

सूक्ष्मदर्शी | २४ सप्टेंबर

ज्यांना खरे पॅटन बघायचे आहेत त्यांनी अहमदनगरचं (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय बघावं. १९९४ पासून आहे. हातभर अंतरावरून बघता येतात. मी तिथं तासभर एकाच चाकाचे फोटो काढत होतो, शेवटी पहारेकऱ्यानं येऊन चौकशी केली.

रानभुलं | २६ सप्टेंबर

सगळे पॅटन-पॅटन करताहेत. जीपऐवजी जोंगा चालेल का? माझ्याकडे १/३५ ची आहे, देऊन टाकतो.

निवृत्त_१०६ | २६ सप्टेंबर

जोंगा नंतर आली, जबलपूरले बनत व्हती. ६५ साली कुठची?

गढीवरचा | २७ सप्टेंबर

मातीचा प्रश्न अर्धवट राह्यला म्हणून लिहितो. धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या गावात पडकी गढी असंलच. नसंल तं शेजारच्या गावात असंल. तिची पांढरी माती घ्या. काळी वावराची, पांढरी गावाची, हे तुमाले सांगाले पाह्यजे का? शंभर-दीडशे वर्षं पावसात उभी राह्यलेली भिंत हाय थे, तिची माती काळीसारखी फाकत नाही. रंगही फिका, पिवळट. आमची आजी चुलीले पोतेरा घालाले तेच आणे. फक्त वस्त्रगाळ करा, धोतराच्या जुन्या कपड्यातून. आन् तव्यावर भाजून घ्या.

तर्री_पोहे | २७ सप्टेंबर

भाजून कशाला? फोडणी पण द्यायची का?

गढीवरचा | २७ सप्टेंबर

बी असते तिच्यात. माह्या भाच्यानं शाळेसाठी किल्ल्याचा नकाशा केल्ता, प्रदर्शनाच्या दिवशी बुरुजातून गाजर गवत निंघालं.

धुऱ्यावरचा | १५ ऑक्टोबर

सोयाबीन काढणीत अडकलो होतो, उशीर झाला. आता प्रगती.

गढीची पांढरी आणली. वस्त्रगाळ केली, भाजली, भुसा आणि लगदा घालून थर दिले. एकही भेग नाही. रंग फोटोतल्या पंजाबच्या इतका जवळ आला की वरून फक्त पातळ तपकिरी वॉश दिला. उरलेली कोरडी पूड बरणीत भरून ठेवली, रणगाड्यावर धूळ म्हणून तीच ब्रशनं लावतो. बाहेरून पिगमेंटची डबी मागवायचो तिचा भाव आठवून आता हसू येतं.

पॅटन आधी मातीवर ठेवला तर खेळण्यासारखा वाटत होता, जणू वजनच नाही. खरा पंचेचाळीस टनांच्या घरात. मग थर्माकोल कोरून चाकं अर्ध्यापर्यंत खाली घेतली आणि वरचा थर ओला असतानाच रणगाडा दाबून पुढं-मागं हलवला. बाजूनं चिखल वर आला, ट्रॅकमध्ये गच्च बसला. वखर ओल्यात घातला की फासेला कसा लोंदा चिकटतो, तसाच. तो एक भाग मला कोणाला विचारावा लागला नाही.

उसाचे कांडे खराट्याच्या काड्यांचे, जाडी एक-सव्वा मिलिमीटर बरोबर येते. दर तीन-चार मिलिमीटरवर ब्लेडनं गोल खूण करून पेर दाखवलं. पानं मक्याच्या वाळल्या सोपटाची, दीड मिलिमीटर रुंद कापून. उंची सात ते आठ सेंमी. आतापर्यंत २१४ ऊस झाले. बायको म्हणते, एवढ्या वेळात खरा ऊस लावून तोडून झाला असता.

आणि एक अपघात. फळी वाळायला अंगणात ठेवली आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून गेलो. परत आलो तर कोंबडी शेतात. डावीकडच्या दोन सऱ्या उकरल्या आणि मधोमध पाऊल उमटवून गेली. मापात पाहिलं तर ती कोंबडी चौदा मीटर उंच होते.

तर्री_पोहे | १५ ऑक्टोबर

पॅटन का सोडून पळाले ते आता कळलं.

पैनगंगा | १६ ऑक्टोबर

आता ऊस झाला. सासरे म्हणे एक पाणी द्या.

धुऱ्यावरचा | १६ ऑक्टोबर

ताई, पाण्यावरच अडलोय.

सूक्ष्मदर्शी | १६ ऑक्टोबर

रेझिन विसरा. स्वच्छ पाणी दाखवायचं असेल, खालचा तळ दिसायला हवा असेल, तर रेझिन. तुमचं पाणी पाटातून शेतात सोडलेलं, गढूळ. त्याचा तळ दिसतच नाही. म्हणून आधी सखल जागा मातीच्या रंगापेक्षा एक छटा गडद रंगवा, मधे गडद, कडेला फिकट. मग ग्लॉस वार्निशचे पातळ हात, एकावर एक, सात-आठ. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. घाई केली तर दुधाळ होतं. आणि पाण्याची कड तीक्ष्ण ठेवू नका. काठाची माती ओली, म्हणून गडद आणि किंचित चमकदार असते, पुढं हळूहळू कोरडी होत जाते.

गढीवरचा | १७ ऑक्टोबर

आन् पाणी सपाट ठेवा भाऊ. फळी वाकडी राह्यली तं पाणी चढावर उभं दिसते. लेव्हल लावून पाहा.

पैनगंगा | १७ ऑक्टोबर

सरीतलं पाणी एकसारखं नसते. बारं (पाटातून पाणी शेतात घ्यायचं तोंड) फुटलं त्या बाजूला जास्त, लांबच्या टोकाला नुसती ओल. आणि वाहून आलेलं पाचट एका कोपऱ्यात साचते. ते टाका.

धुऱ्यावरचा | २१ नोव्हेंबर

सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली, वेचणी सुरू आहे, त्यामुळे रात्रीचंच काम. वार्निशचे नऊ हात दिले. फुटलेलं बारं डाव्या कोपऱ्यात घेतलं, नेमकं कोंबडीनं उकरलं तिथंच. खड्डा आयता होता.

जीपचं ठरलं. काढली. दोन रात्री झोप नीट लागली नाही, कारण तोफेच्या नळीवर मी महिना घालवला होता आणि काकांच्या सांगण्यावरून काचही दुभागली होती. पण दोन्ही एका फळीवर ठेवून पाहिलं की डोळा दर वेळी त्या अंतरावर अडायचा. आता फळीवर फक्त पॅटन आहे, पाण्यात, झाकणं उघडी, हेडफोनची वायर (जुन्या चार्जरमधली एक तार) लोंबतेय. माणूस एकही नाही. पाठ उसात. पाटीवर एवढंच: असल उत्तर, १० सप्टेंबर १९६५.

कऱ्हेकाठ | २१ नोव्हेंबर

पण मग अब्दुल हमीद कुठं आहेत? लोक त्यांच्यासाठीच थांबले असते. जीप ही त्या लढाईची ओळख आहे. मला हा निर्णय पटला नाही.

निवृत्त_१०६ | २२ नोव्हेंबर

उसात हायत. दिसले असते तं काम झालं नसतं.

सायंतारा | २२ नोव्हेंबर

फोटो पाहिला. आधीचं माझं म्हणणं मागे घेत नाही, पण हा मी बराच वेळ बघत बसले.

धुऱ्यावरचा | १६ डिसेंबर

पुण्याहून परत आलो. यवतमाळहून रात्रीच्या गाडीनं गेलो, खोकं मांडीवर. कंडक्टरनं आत काय म्हणून विचारलं, शेत म्हणालो. शेताचं तिकीट नाही लागत म्हणाला.

डायोरामा गटात नंबर नाही. परीक्षकानं टॉर्च मारून तोफेच्या नळीखाली जोडाची रेघ शोधली, दोन अर्धे भाग चिकटवतो ना, तीच. घासायची राहिली होती. उसाच्या नादात रणगाडाच नीट केला नाही, चूक माझी. दुसऱ्यानं ए३ ओळखला, वाकून उसात पाहिलं आणि "छान लपवलाय" म्हणाला. मातीबद्दल एकानंही विचारलं नाही.

सभागृहात खुर्च्या मांडणारे एक काका मात्र तीन वेळा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, बारं कोणी फोडलं? मी म्हणालो, फौजेनं. ते म्हणाले, मग बरोबर, शेतकरी असा मधून फोडत नाही.

पुढच्या वर्षी नुसती जीप करायचं मनात आहे. पैनगंगाताई, उसाला हात लावण्याआधी विचारीन. आणि कोणाकडे ६५ च्या काळातल्या, उंच बॉनेटच्या भारतीय जीपचे जवळून काढलेले फोटो असतील तर टाका, माझ्याकडची किटमधली जीप दुसऱ्या महायुद्धातली, सखल बॉनेटची आहे.

गढीवरचा | १६ डिसेंबर

आमच्या गावात एक उभी हाय, कडब्याच्या गंजीखाली. उन्हाळ्यात गंजी संपली का फोटो काढतो.

तर्री_पोहे | १७ डिसेंबर

कोंबडीला विचारून काढा.